कॅम्बायसिसचे दोन चेहरे : इजिप्तवरील इराणी विजयाच्या कथनांची चिकित्सा

सारांश

इ.स.पू. ५२५ मध्ये इराणच्या हखामनी घराण्यातील सम्राट कॅम्बायसिस याने इजिप्त जिंकले. या विजयाची दोन परस्परविरोधी चित्रे उपलब्ध आहेत. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने कॅम्बायसिसला परधर्माची विटंबना करणारा वेडा राजा म्हणून रंगविले आहे. उजाहोरेस्नेत या इजिप्शियन अधिकाऱ्याच्या पुतळ्यावरील लेखात मात्र तोच राजा नीथ देवीपुढे दंडवत घालणारा फॅरो म्हणून येतो. प्रस्तुत लेखात या दोन संहितांच्या रचनेचे व हेतूंचे चिकित्सक वाचन केले आहे. प्रत्येक संहिता स्वतःच्याच प्रतिपादनाविरुद्ध काही साक्ष जपून ठेवते आणि जित लोकांचा अनुभव त्या साक्षीतूनच हाती लागतो, असे येथे प्रतिपादन केले आहे.

कळीचे शब्द : हिरोडोटस, कॅम्बायसिस, उजाहोरेस्नेत, एपिस बैल, हखामनी साम्राज्य, साधनचिकित्सा

१. प्रस्तावना

पराभवाचा इतिहास कोण लिहितो, हा प्रश्न इतिहासशास्त्राइतकाच साहित्यसमीक्षेचाही आहे. जेत्याने लिहिलेला इतिहास एकांगी असतो हे आपण सहज मान्य करतो. परंतु जित लोकांतील एखाद्या मान्यवराने लिहिलेला वृत्तांत किंवा तिऱ्हाईत लेखकाने रचलेली कथा हीसुद्धा कोणत्या तरी हेतूने घडविलेली असते, याकडे तितकेसे लक्ष दिले जात नाही. इजिप्तवरील पहिल्या इराणी विजयाच्या संदर्भात या तिन्ही प्रकारची साधने उपलब्ध आहेत. त्यामुळे कथन आणि वास्तव यांचा संबंध तपासण्यासाठी हा विषय विशेष उपयुक्त ठरतो.

गेल्या शतकात या विषयाच्या अभ्यासाला निराळे वळण मिळाले. त्यापूर्वी हिरोडोटसचे कथन हाच मुख्य आधार होता आणि कॅम्बायसिस म्हणजे वेडा जुलमी राजा हे समीकरण रूढ झाले होते. जॉर्ज पोझेनर या फ्रेंच अभ्यासकाने १९३६ मध्ये इराणी राजवटीच्या काळातील चित्रलिपी लेखांचे संकलन प्रसिद्ध केले आणि त्या समीकरणाला तडा गेला. पुढे पिएर ब्रियाँ यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हखामनी साम्राज्याच्या बृहद् इतिहासात ग्रीक लेखकांच्या साक्षीकडे सावधपणे पाहण्याची दृष्टी अधिक पक्की केली. हे कार्य मोलाचे आहे यात शंका नाही. तथापि, त्याच्या प्रभावाखाली एक नवी सवय रुजली. वेड्या राजाच्या जागी सहिष्णु राजा बसवायचा आणि प्रश्न सुटला असे मानायचे, अशी ही सवय होय. प्रस्तुत लेखाचा रोख या दोन्ही सवयींच्या चिकित्सेकडे आहे.

२. विजयाचा घटनाक्रम

इजिप्तचा फॅरो अमासिस याने इ.स.पू. ५७० ते ५२६ असा दीर्घकाळ राज्य केले. त्याच्या सैन्यात ग्रीक भाडोत्री सैनिकांचा मोठा भरणा होता. सायरसने उभारलेल्या इराणी साम्राज्याने लिडिया आणि बॅबिलोन ही राज्ये गिळंकृत केल्यावर त्या भागात इजिप्त हेच एक बलाढ्य स्वतंत्र राज्य उरले होते. सायरसचा पुत्र कॅम्बायसिस याने स्वारीची तयारी केली. अमासिसच्या पदरी असलेला फानेस नावाचा हॅलिकार्नाससचा ग्रीक सेनानी त्याला येऊन मिळाला. सिनाईचे वाळवंट ओलांडताना अरबांच्या राजाने उंटांवरून पाणी पुरविले. दरम्यान अमासिसचा मृत्यू झाला आणि त्याचा पुत्र तिसरा प्साम्तिक (हिरोडोटसचा प्सामेनिटस) गादीवर आला. पेलुसियम येथील लढाईत इजिप्तचा पराभव झाला, मेम्फिस पडले आणि अवघ्या काही महिन्यांत प्साम्तिकची कारकीर्द संपुष्टात आली. इजिप्तच्या राजवंशांच्या गणनेत या इराणी सम्राटांना सत्ताविसावा राजवंश असे स्थान मिळाले. ही राजवट इ.स.पू. ४०४ पर्यंत टिकली. पुढे इ.स.पू. ३४३-४२ च्या सुमारास तिसऱ्या आर्टाझर्क्सिसने इजिप्त पुन्हा जिंकले आणि इ.स.पू. ३३२ मध्ये अलेक्झांडरच्या आगमनाने ही दुसरी इराणी सत्ताही संपली.

या ठळक घटनांविषयी फारसा वाद नाही. वाद आहे तो विजयानंतर कॅम्बायसिस कसा वागला याविषयी.

३. हिरोडोटसचा कॅम्बायसिस

हिरोडोटसच्या इतिहासग्रंथाचा दुसरा भाग इजिप्तच्या वर्णनाला वाहिलेला असून तिसऱ्या भागाचा प्रारंभ कॅम्बायसिसच्या स्वारीने होतो. त्यातील कथानक थोडक्यात असे : कॅम्बायसिसने अमासिसचे मसाला घातलेले शव बाहेर काढून त्याला फटके मारविले आणि शेवटी ते जाळविले. इथिओपियावर त्याने पुरेशा रसदीशिवाय स्वारी केली. उपासमारीने सैनिकांनी चिठ्ठ्या टाकून आपल्याच सोबत्यांना खाल्ले, तेव्हा त्याने माघार घेतली. अमोनच्या देवस्थानावर पाठविलेले पन्नास हजारांचे सैन्य वाळूच्या वादळात गडप झाले. मेम्फिसला परतल्यावर तेथे नव्या एपिस बैलाच्या आगमनाचा उत्सव चालू होता. आपल्या अपयशाचा हा आनंद आहे असे समजून त्याने पुरोहितांना फटके मारविले आणि बैलाच्या मांडीत खंजीर खुपसला. त्यानंतर त्याचे वेड वाढत गेले. त्याने भावाचा वध करविला, बहिणीला मारले आणि प्रेक्सास्पेस या विश्वासू सरदाराच्या मुलाला केवळ आपला नेम दाखविण्यासाठी बाणाने ठार केले. अखेरीस घोड्यावर चढताना स्वतःचीच तलवार मांडीत घुसून त्याचा अंत झाला. बैलाला जखम केली होती नेमक्या त्याच ठिकाणी ही जखम झाली.

या कथानकाची रचना लक्षपूर्वक पाहिली तर ते चरित्रापेक्षा शोकात्म नाटकाच्या जवळचे आहे असे दिसते. मांडीला मांडी, जखमेला जखम असा दैवी न्याय येथे आहे. आपला मृत्यू एक्बाताना येथे होईल असे भविष्य कॅम्बायसिसला सांगण्यात आले होते. ते मीडियातील प्रसिद्ध नगर असे तो समजत राहिला, परंतु मरणाच्या वेळी तो होता सीरियातील त्याच नावाच्या एका सामान्य गावी. भविष्यवाणीचा चुकीचा अर्थ आणि अंतकाळी होणारे सत्याचे आकलन ही ग्रीक शोकांतिकेची परिचित साधने होत. हिरोडोटस ज्या काळात लिहीत होता त्याच काळात अथेन्समध्ये सोफोक्लिसची नाटके होत होती, हे या संदर्भात ध्यानात घेतले पाहिजे.

या कथानकाला एक वैचारिक केंद्रही आहे, आणि ते हास्यात आहे. एपिसला जखम केल्यावर कॅम्बायसिस हसतो. रक्तामांसाचे आणि लोखंडाने जखमी होणारे असले कसले देव, असे तो म्हणतो. मेम्फिसच्या देवालयातील बुटक्या मूर्तीकडे पाहूनही तो हसतो. या हास्याच्या वर्णनानंतर लगेच हिरोडोटस आपला निष्कर्ष मांडतो. दुसऱ्यांच्या चालीरीतींना हसणारा माणूस वेडाच असला पाहिजे, कारण प्रत्येक समाजाला आपलीच रीत श्रेष्ठ वाटते. या मुद्द्याच्या पुष्टीसाठी तो दरायसची एक गोष्ट सांगतो. दरायसने आपल्या दरबारातील ग्रीकांना विचारले की, मृत पित्याचे शव खाण्यासाठी तुम्ही किती द्रव्य घ्याल? नंतर त्याने कल्लातिय नावाच्या भारतीयांना विचारले की, पित्याचे शव जाळण्यासाठी तुम्ही काय घ्याल? दोघांनीही भयचकित होऊन नकार दिला. या कल्लातियांच्या चालीचे वर्णन कितपत खरे हा वेगळा प्रश्न आहे. मात्र इजिप्तविषयीच्या ग्रीक कथनात भारतीयांना साक्षीदार म्हणून उभे केले जाते ते याच ठिकाणी.

याचा अर्थ असा की, हिरोडोटसचा कॅम्बायसिस हा एका नैतिक सिद्धांताचा प्रतिदृष्टान्त आहे. परक्या श्रद्धांचा आदर हा शहाणपणाचा निकष होय, हे त्याला पटवून द्यायचे आहे. त्यासाठी त्याला असा आदर न राखणारी व्यक्ती हवी होती. सिद्धांत उदात्त आहे, परंतु त्याच्या सिद्धीसाठी एका व्यक्तीचे चित्र एकरंगी करावे लागले.

असे असले तरी हिरोडोटसला केवळ कल्पित कथांचा लेखक म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. तो अनेक पाठभेद देतो आणि त्यांत निवाडाही करतो. स्वारीच्या कारणाविषयी त्याने तीन आख्यायिका नोंदविल्या आहेत. त्यांपैकी इजिप्शियन लोक सांगत ती विशेष बोलकी आहे. कॅम्बायसिस हा इजिप्तच्या माजी फॅरोच्या कन्येपोटी जन्मला होता, असे त्यांचे म्हणणे होते. हिरोडोटस ते फेटाळतो आणि कॅम्बायसिसची माता इराणी कुळातील होती हे स्पष्ट करतो. जेत्याला आपल्याच रक्ताचा ठरविण्याचा जित समाजाचा हा प्रयत्न त्याने नोंदवून ठेवला नसता, तर आपण एका महत्त्वाच्या मानसिक साक्षीला मुकलो असतो.

याहून महत्त्वाचा आहे तो प्सामेनिटसच्या अश्रूंचा प्रसंग. पराभूत राजाला नगराबाहेर बसविले जाते. त्याची कन्या दासीच्या वेषात पाणी भरायला जाताना दिसते, पुत्राला दोन हजार इजिप्शियन तरुणांसह वधासाठी नेले जाते, तरी तो निश्चल राहतो. परंतु आपला एक वृद्ध मित्र सैनिकांपाशी भीक मागताना दिसताच तो रडू लागतो. कारण विचारता तो सांगतो की, घरचे दुःख अश्रूंच्या पलीकडचे होते, मित्राच्या दुर्दैवासाठी मात्र रडता येते. हे ऐकून तेथे असलेल्या इराण्यांचे डोळे पाणावतात आणि खुद्द कॅम्बायसिसचे मन द्रवते. तो राजपुत्राला वाचविण्याची आज्ञा देतो. आज्ञा पोहोचेपर्यंत उशीर झालेला असतो, पण प्सामेनिटसला तो आपल्या परिवारात सन्मानाने ठेवतो. पुढे बंडाला चिथावणी दिल्याचे उघड झाल्यावरच त्याचा अंत होतो.

कॅम्बायसिस जन्मतः किंवा स्वभावतः क्रूर वेडा होता असे प्रतिपादन करणाऱ्या संहितेत हा प्रसंग नीट बसत नाही. येथे दयेला पाझर फुटणारा आणि चुकलेली आज्ञा मागे घेऊ पाहणारा राजा आहे. हिरोडोटसने हा प्रसंग गाळला असता तर त्याचे चित्र अधिक सुसंगत झाले असते. त्याने तो गाळला नाही, यात त्याचे इतिहासकार म्हणून मोठेपण आहे. त्याच्या आरोपपत्रातच आरोपीच्या बाजूची साक्ष सुरक्षित राहिली आहे.

४. उजाहोरेस्नेतची साक्ष

व्हॅटिकनच्या संग्रहालयात गडद रंगाच्या दगडाचा एक पुतळा आहे. हातात देवालयाची छोटी प्रतिकृती धरून उभा असलेला हा पुरुष म्हणजे सैस नगरीचा उजाहोरेस्नेत. त्याच्या अंगावरील वस्त्रावर व देवालयाच्या प्रतिकृतीभोवती चित्रलिपीतील लेख कोरलेला आहे. लेखात दरायसच्या कारकिर्दीचा उल्लेख असल्याने तो कॅम्बायसिसच्या मृत्यूनंतरचा आहे हे निश्चित. तरीही हिरोडोटसच्या ग्रंथापेक्षा तो सुमारे पाऊणशे वर्षांनी जुना आहे आणि प्रत्यक्ष घटनेत सहभागी असलेल्या व्यक्तीचा आहे. मराठी इतिहासलेखनाच्या परिभाषेत सांगायचे तर एक साधन बखरीच्या जातीचे आहे आणि दुसरे समकालीन कागदाच्या जातीचे.

या लेखातील आशय असा : उजाहोरेस्नेत हा अमासिस आणि प्साम्तिक यांच्या कारकिर्दीत राजाच्या नौदलाचा अधिकारी होता. कॅम्बायसिस अनेक देशांच्या परकीयांसह इजिप्तमध्ये आला आणि साऱ्या देशाचा स्वामी झाला. त्याने उजाहोरेस्नेतला प्रमुख राजवैद्याचे पद दिले. उजाहोरेस्नेतने त्याच्यासाठी फॅरोची बिरुदावली रचली आणि त्याला रा देवाचा पुत्र या अर्थाचे राजनाम दिले. सैसच्या नीथ देवीचे माहात्म्य त्याने राजाला समजावून सांगितले. देवीच्या मंदिराच्या आवारात परकीयांनी मुक्काम ठोकला होता. त्यांना बाहेर काढावे, अशी विनंती त्याने केली. राजाने त्यांना हुसकावून लावण्याची, त्यांची घरे पाडण्याची आणि मंदिर शुद्ध करून पूजाअर्चा पूर्ववत सुरू करण्याची आज्ञा दिली. त्यानंतर राजा स्वतः सैसला आला, देवीपुढे दंडवत घातला आणि पूर्वीच्या राजांप्रमाणे नैवेद्य अर्पण केला.

हिरोडोटसचा देवांना हसणारा राजा येथे देवीपुढे लोटांगण घालतो. त्यामुळे या लेखाने आधुनिक अभ्यासकांवर मोठा प्रभाव पाडला यात नवल नाही. परंतु दगडावर कोरलेले आहे म्हणून ते निर्हेतुक आहे असे मानता येणार नाही. मंदिरात ठेवण्यासाठी घडविलेला असा पुतळा म्हणजे देवतेपुढे आणि भावी पिढ्यांपुढे मांडलेले आत्मसमर्थन असते. या लेखातील राजा भला आहे, आणि तो भला झाला तो उजाहोरेस्नेतमुळे. वाक्यरचनेचा सारा रोख 'मी सांगितले, राजाने केले' असा आहे. कॅम्बायसिसच्या धर्मशीलतेचे वर्णन हे प्रत्यक्षात लेखकाच्या कर्तृत्वाचे वर्णन आहे.

लेखातील मौन तर याहून अर्थपूर्ण आहे. नौदलाचा अधिकारी असलेला हा पुरुष इ.स.पू. ५२५ च्या युद्धात काय करीत होता? त्याच्या ताफ्याने लढाई दिली की शरणागती पत्करली? पदवी कोरली आहे, परंतु त्या पदावरून केलेल्या कृत्याविषयी एक अक्षरही नाही. दोन राजांची सेवा केलेला माणूस तिसऱ्याच्या, तेही परकीयाच्या, दरबारात मानाच्या पदावर कसा पोहोचला, या प्रश्नाभोवती त्याने सावधपणे शब्दांची भिंत बांधली आहे. त्याला देशद्रोही म्हणणे सोपे आहे आणि संस्कृतिरक्षक म्हणणेही सोपे आहे. लेखाचे वाचन या दोन्ही सोप्या शब्दांत मावत नाही.

कारण त्याच लेखात असे एक स्थळ आहे की जेथे भिंतीला भगदाड पडते. साऱ्या देशावर एक मोठा अनर्थ कोसळला, त्यासारखा पूर्वी कधी झाला नव्हता, आणि त्या काळात आपण नगरवासीयांचे रक्षण केले, असे तो सांगतो. मूळ इजिप्शियन शब्दाला वादळ, प्रक्षोभ अशी छटा आहे. ज्यांना दफन लाभले नाही त्यांचे दफन केल्याचे आणि दुबळ्याला बलवानापासून वाचविल्याचेही तो नमूद करतो. अशी सत्कृत्ये सांगणे हा इजिप्शियन आत्मवृत्तांचा जुना संकेत असला तरी साऱ्या देशावरील अभूतपूर्व अनर्थाचा उल्लेख हा संकेताचा भाग नव्हे. तो अनर्थ कोणी आणला हे मात्र लेखात नाही. वादळ आले असे म्हटले जाते, कर्ता अध्याहृत राहतो.

तीच गोष्ट मंदिरातील परकीयांची. राजाने त्यांना हुसकावले हे खरे मानले तर आधी त्यांनी मंदिर व्यापले होते हेही मानावे लागते. ते कोणाबरोबर आले होते, हे लेखानेच आरंभी सांगितले आहे. म्हणजे राजाला निर्दोष ठरविणारा हा दगडच विटंबना घडल्याची कबुली देतो. हिरोडोटसने जसा राजाची दया दाखविणारा प्रसंग ठेवला, तशी उजाहोरेस्नेतने लोकांची वाताहत सूचित करणारी ओळ ठेवली. दोन्ही संहिता आपापल्या प्रतिपादनाविरुद्ध साक्ष देतात, ती येथे.

५. बैल, महसूल आणि अर्ज

या दोन संहितांखेरीज काही कोरडी, परंतु म्हणूनच उपयुक्त अशी साधने आहेत. ऑग्युस्त मारिएत यांनी १८५० नंतर साक्कारा येथे एपिस बैलांचे भूमिगत दफनस्थान, म्हणजे सेरापियम, शोधून काढले. तेथील लेखांवरून असे दिसते की, अमासिसच्या २७ व्या वर्षी जन्मलेल्या एपिसचे दफन कॅम्बायसिसच्या सहाव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ५२४ मध्ये, यथासांग झाले. शवपेटिकेवर कॅम्बायसिसच्या नावे अर्पणलेख आहे आणि शिलापट्टावर तो इजिप्शियन वेषात एपिसपुढे गुडघे टेकलेला दाखविला आहे. त्यानंतरचा एपिस दरायसच्या चौथ्या वर्षी मरण पावला. म्हणजे तो कॅम्बायसिसच्या मृत्यूनंतरही जिवंत होता. बैलाच्या हत्येची कथा या पुराव्याशी जुळत नाही. लिओ डेपुईट यांनी १९९५ मध्ये कालक्रमातील गुंत्याकडे बोट दाखवून ती शक्यता पूर्णपणे निकालात काढता येत नाही असे मत मांडले. तथापि, पुराव्याचा भार आता कथेच्या बाजूने बोलणाऱ्यावर आहे.

मग अशी कथा जन्मली कशी? याचे एक उत्तर डेमोटिक लिपीतील एका पॅपिरसच्या मागील बाजूस मिळते. पॅरिस येथे असलेला हा पॅपिरस नंतरच्या टॉलेमी काळातील असला तरी त्यातील मजकूर कॅम्बायसिसच्या आज्ञेचा आहे. त्यानुसार तीन मंदिरे वगळता इतर मंदिरांना अमासिसच्या काळी मिळणाऱ्या उत्पन्नात मोठी कपात करण्यात आली. जनावरे पूर्वीच्या निम्मी द्यावीत आणि पक्षी मुळीच देऊ नयेत, पुरोहितांनी हंस स्वतःच पाळून देवाला अर्पण करावेत, असा तपशील त्यात आहे. देवाचा अपमान आणि देवालयाच्या उत्पन्नावरील टाच या पुरोहितांच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. महसुली निर्णयाची स्मृती तीन पिढ्यांत खंजिराच्या घावाचे रूप घेऊ शकते. अर्थात हे कारण एकटे पुरेसे नाही. हिरोडोटस इजिप्तला आला तोपर्यंत झर्क्सिसने मोडलेले बंड आणि इनारोसचा मोठा उठाव होऊन गेला होता. इनारोसशी लढताना मारल्या गेलेल्या इराण्यांची हाडेही त्याने पाहिली होती. त्याला माहिती सांगणाऱ्यांच्या मनात पहिल्या विजेत्याच्या नावावर पुढील राजांचे अत्याचारही जमा झाले असणे स्वाभाविक आहे.

एलिफंटाईन बेटावरील यहुदी सैनिकवसाहतीच्या कागदांतही एक साक्ष आहे. इ.स.पू. ४१० मध्ये त्यांचे मंदिर स्थानिक इराणी अधिकाऱ्याच्या संगनमताने उद्ध्वस्त करण्यात आले. ते पुन्हा बांधण्यास साहाय्य मिळावे म्हणून इ.स.पू. ४०७ मध्ये त्यांनी यहुदियाच्या इराणी सुभेदाराकडे अरेमाईक भाषेत अर्ज केला. कॅम्बायसिस आला तेव्हा इजिप्तच्या देवांची सर्व मंदिरे पाडली गेली, पण आमच्या मंदिराला कोणी हात लावला नाही, असे त्यात म्हटले आहे. हिरोडोटसशी संबंध नसलेली ही साक्ष विध्वंसाची आठवण सांगते, म्हणून ती दुर्लक्षिता येत नाही. पण हा अर्ज आहे हेही विसरता येत नाही. इराणी राजांनी पूर्वीपासून आम्हांला संरक्षण दिले, हे अर्जदारांना ठसवायचे होते. 'सर्व' हा शब्द अर्जाच्या भाषेतला आहे, मोजदादीचा नव्हे.

खुद्द इराणी पक्षाची बाजू दरायसच्या बेहिस्तून शिलालेखात आहे. तीही निःपक्षपाती नाही. कॅम्बायसिसने भावाचा वध इजिप्तला जाण्यापूर्वीच केला असे तो लेख सांगतो. हिरोडोटस मात्र हा वध इजिप्तमधून दिलेल्या आज्ञेने झाला असे सांगून त्याला वेडाच्या मालिकेत बसवितो. तोतया भाऊ गादीवर बसला होता असे सांगून स्वतः सत्ता घेणाऱ्या दरायसला पूर्वसुरीची प्रतिमा डागाळलेली असणे सोयीचेच होते. पुढे त्याने उजाहोरेस्नेतला इजिप्तला पाठवून 'जीवनगृह' या विद्यास्थानाची पुनर्स्थापना करविली, खार्गा मरूद्यानातील हिबिसच्या मंदिरावर आपले नाव कोरविले आणि नाईल नदीपासून तांबड्या समुद्राकडे कालवा खणून त्याच्या काठी शिलास्तंभ उभारले. १९७२ मध्ये सुसा येथे सापडलेला त्याचा पुतळा इजिप्तमध्ये घडविलेला आहे. त्याच्या बैठकीवर कोरलेल्या चोवीस प्रजाजनांत इजिप्तबरोबर सिंधुप्रदेशाचेही लोक आहेत. चांगला दरायस आणि वाईट कॅम्बायसिस ही जोडी ग्रीकांनी लोकप्रिय केली असली तरी तिची पायाभरणी दरायसने स्वतःच केली होती.

ओलाफ कापर यांनी अलीकडे दाखला मरूद्यानातील अवशेषांच्या आधारे असे अनुमान मांडले आहे की, वाळूत गडप झालेले सैन्य हे प्रत्यक्षात पेतुबास्तिस या बंडखोर फॅरोकडून पराभूत झाले असावे आणि त्या पराभवावर वादळाच्या कथेने पांघरूण घातले असावे. हे अनुमान सर्वमान्य झालेले नाही. परंतु ते खरे ठरल्यास उजाहोरेस्नेतच्या 'वादळा'शी त्याचे साम्य विलक्षण ठरेल. दोन्हीकडे माणसांनी केलेल्या कृत्याचे निसर्गाच्या प्रकोपात रूपांतर झालेले आढळेल.

६. सहिष्णुता या शब्दाविषयी

आधुनिक लेखनात हखामनी राजांच्या धोरणासाठी 'सहिष्णुता' हा शब्द सर्रास वापरला जातो. १९७१ मध्ये इराणच्या शहांनी साजऱ्या केलेल्या अडीच हजार वर्षांच्या सोहळ्यात सायरसच्या मृत्तिकालेखाला मानवी हक्कांच्या सनदेचे रूप देण्यात आले, तेव्हापासून या शब्दाला राजकीय वलयही लाभले. परंतु उजाहोरेस्नेतच्या लेखातून दिसते ती आजच्या अर्थाची सहिष्णुता नव्हे. स्थानिक देवतेला वंदन करून स्थानिक राजपदाचा वारसा मिळविणे आणि त्या मोबदल्यात एका उच्चभ्रू वर्गाचे स्थान कायम राखणे, असा तो व्यवहार होता. जीवनगृहात आपण कुलीनांचेच पुत्र घेतले, हीनकुलीन एकही घेतला नाही, असे उजाहोरेस्नेत अभिमानाने नोंदवितो. परकीय सत्तेने कोणाची संस्कृती राखली आणि कोणाच्या जिवावर राखली, याचे उत्तर या एका तपशिलात आहे. हिरोडोटसने दिलेल्या आकडेवारीनुसार इजिप्तच्या सुभ्यावर सातशे टॅलेंट चांदीचा कर होता. शिवाय मेम्फिसच्या गढीतील इराणी शिबंदीसाठी एक लाख वीस हजार मापे धान्य द्यावे लागे. हे धान्य पिकविणाऱ्यांपैकी कोणाचाही पुतळा मंदिरात उभा राहिला नाही.

म्हणूनच हिरोडोटसचे खंडन करून उजाहोरेस्नेतचा स्वीकार करणे म्हणजे चिकित्सा नव्हे, ते केवळ साक्षीदार बदलणे होय. पहिल्या पद्धतीत कथेच्या सौंदर्यावर विश्वास ठेवला जातो, दुसऱ्या पद्धतीत दगडाच्या काठिण्यावर. कोणी सांगितले, कोणापुढे सांगितले आणि कशासाठी सांगितले, हे तीन प्रश्न दोन्हीकडे अनुत्तरितच राहतात.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. एक, हिरोडोटसचे कॅम्बायसिसचित्र हे परधर्माच्या आदराविषयीच्या त्याच्या सिद्धांताचा प्रतिदृष्टान्त असून त्याची रचना शोकांतिकेच्या वळणाची आहे. एपिसच्या हत्येसारखे त्यातील मध्यवर्ती आरोप समकालीन लेखांशी जुळत नाहीत. दोन, उजाहोरेस्नेतचा लेख समकालीन असला तरी तो आत्मसमर्थन आहे, आणि त्यातील मौन त्यातील विधानांइतकेच महत्त्वाचे आहे. तीन, परस्परविरोधी असूनही या दोन्ही संहितांचा निकष एकच आहे. परक्यांच्या देवांशी राजा कसा वागला यावरच दोन्हीकडे त्याची पारख होते. चार, प्रत्येक संहितेत तिच्या हेतूला न जुमानणारे एक स्थळ शिल्लक आहे. हिरोडोटसमध्ये ते प्सामेनिटसच्या अश्रूंपाशी आहे, उजाहोरेस्नेतमध्ये ते अनाम वादळापाशी आहे.

कॅम्बायसिस प्रत्यक्षात कसा होता, याचा निवाडा या स्थळांवरून होत नाही. पुढे कॉप्टिक कथांत आणि सातव्या शतकातील निकिउच्या जॉनच्या वृत्तांतात तर त्याची सरमिसळ बॅबिलोनच्या नेबुखद्नेझरशी झाली आणि व्यक्ती लोपून केवळ आक्रमकाची आकृती उरली. परंतु विजयाच्या वर्षी इजिप्तमध्ये काय घडले, हे ही स्थळे सांगतात. माणसे दफनावाचून पडली होती, मंदिराच्या आवारात परके सैनिक राहत होते आणि काल प्रतिष्ठित असलेला एक वृद्ध छावणीत भीक मागत होता. राजा वेडा असो वा धर्मशील, या तीन गोष्टींत त्यामुळे फरक पडत नाही. इतिहासाच्या साधनांचे वाचन करताना राजाच्या चेहऱ्यावरून दृष्टी काढून या तपशिलांवर ती स्थिर करणे, हेच प्रस्तुत विषयातील समीक्षेचे कार्य आहे.